दोन वक्ताचं दूध

धीरजचा फोन संध्याकाळी यायचा, कारखान्यातून सुटल्यावर. देवासला त्याची नोकरी, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, बायको उर्वशी आणि लहानगी अनन्या. बोलणं रोज एकाच जागी येऊन थांबायचं.

"बाबा, किती दिवस अकेले राहणार तुम्ही? शेत बटाईने द्या, जनावरं बेचून टाका, आणि इकडे या."

"बघतो," तुकोजीराव म्हणायचे.

मग उर्वशी फोन घ्यायची. इंदूरची, हिंदी शाळेत शिकलेली पोर. तिला मराठी वाचता येत नव्हतं, पण सासऱ्याला मात्र ती सासूने शिकवल्याप्रमाणे मामंजीच म्हणायची. "मामंजी, जेवण झालं? पोळ्या कोण करून देतं?"

"मीच करतो. गोल होत नाहीत, पण पोट कुठे आकार बघतं?"

उर्वशी हसायची, फोन बंद व्हायचा, आणि पुढे दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तुकोजीरावांशी कुणी मराठीतून बोलायचं नाही.

धारहून मांडूकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की त्यांचं गाव. पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर घोडे राखायला आले आणि इथेच राहिले. एकेकाळी गावात मराठ्यांची आठ-दहा घरं होती. मुलं शिकली, इंदूर-देवासला गेली, आणि आता दोनच उरली होती. एक तुकोजीरावांचं, दुसरं म्हाताऱ्या सावित्रीकाकूंचं. सावित्रीकाकूंना ऐकू येत नसे.

त्यांची बायको सुभद्रा पौषात गेली. आधी साधा ताप आला, मग तो उतरलाच नाही. तेराव्यानंतर तिची लुगडी, साड्या, चोळ्या नात्यातल्या बायकांनी वाटून नेल्या. एकच लुगडं राहिलं. हिरवं, चौकड्यांचं, जागोजागी विटलेलं. ते गोठ्यातल्या खुंटीवर होतं. शेणामुताचं लुगडं कोण नेणार?

त्या लुगड्यावर पुढे सगळी गोष्ट अडली.

घरात दुभती एक म्हैस होती. मांडूच्या एका माणसाकडून वगार असताना आणलेली, म्हणून सुभद्राने तिचं नाव मांडवी ठेवलं होतं. दुसऱ्या वेताची, अंगाने भरलेली, पाठीमागे पारडी. सुभद्राशिवाय कुणाच्या हाताला ती लागली नव्हती. सुभद्रा गेल्यावर तुकोजीराव चरवी घेऊन बसले तर मांडवीने पान्हा चोरला. पारडी लावली, सरकी ठेवली, पाय बांधले. एवढं करून कपभर दूध. शेवटी सावित्रीकाकू कुंपणापाशी येऊन ओरडल्या, "अरे तुकोजी, तिला सुभद्रा पाहिजे! ते लुगडं घे डोक्यावरून आणि बस!"

तुकोजीरावांनी इकडे तिकडे पाहिलं, गोठ्याचं दार लावून घेतलं आणि लुगडं डोक्यावरून घेतलं. मांडवीने मान वळवली, वास घेतला, पण पान्हा सोडला नाही. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की सुभद्रा नुसती बसत नसे. ती बोलत असे. आज भाजी काय, शेजारीण काय म्हणाली, धन्याने पुन्हा कंदील कुठे ठेवला, सगळी घरची खबर ती म्हशीला सांगायची. ओसरीवर बसून तुकोजीरावांनी ते वर्षानुवर्षं ऐकलं होतं आणि कधी कान दिला नव्हता.

ते अडखळत बोलू लागले. "आज भाजी केली नाही बाई. कांदा फोडला." मग म्हणाले, "धीरजचा फोन होता. पोरगी खोकते म्हणाला." आणि चरवीत धार वाजली.

तेव्हापासून पहाटे आणि दिवेलागणीला दार लावून ते बसायचे. बाहेर ते मुळात कमी बोलणारे. सुभद्राशीही जन्मभर हो-नाहीच्या पुढे फार गेले नव्हते. पण लुगड्याखाली त्यांना बोलता यायचं. लुगड्याला सुभद्राचा वास होता, केसांच्या तेलाचा आणि चुलीच्या धुराचा. दिवसातला तेवढाच वेळ ते घरात एकटे नसत.

चैत्र लागला, गहू घरात आला. धीरजने सांगितलं की अनन्याला शाळेत घालायचंय, उर्वशी पुन्हा कामावर जाणार, बाबा आले तर पोरीकडे बघायला होईल. नातीचं नाव निघाल्यावर तुकोजीरावांना नाही म्हणवेना.

आधी कोकरं निघाली. मागच्या थंडीत मारवाडचे मेंढपाळ त्यांच्या शेतात कळप बसवायला आले होते, तेव्हा आई मेलेली दोन कोकरं सुभद्राने ठेवून घेतली आणि बाटलीने दूध पाजून वाढवली. गावातला खाटीक म्हणाला, "दा, इधर लोग बकरा खाते हैं, भेड नहीं. किलो से तोल के ले जाऊंगा. ईद तक रुको तो थोडा भाव चढेगा, पर भेड तो भेड है." ईदपर्यंत थांबायचं म्हणजे चारा घालायचा, आणि घालायचा तो सुरीसाठी. तेवढ्यात मेंढपाळ परतीच्या वाटेने आले. त्यांनी खाटकापेक्षा कमी देऊ केले, पण त्यांना माद्या कळपात हव्या होत्या. तुकोजीरावांनी कमी भावात दिली. कोकरं कळपात शिरली आणि दोन मिनिटांत कुठली कोणती ते ओळखू येईना.

म्हशीचं तसं नव्हतं. म्हशीचे तीन रस्ते होते.

पहिला रस्ता स्वतःच चालत दारात आला. रणवीर दलाल. मोटारसायकलवर पाय ठेवूनच त्याने म्हैस पाहिली, मग उतरून दात पाहिले, कास चाचपली, शेपटीची लांबी बघितली.

"माल तो अच्छा है दा. अब दूध दिखाओ. एक वक्त का भी चलेगा, मेरे पास टैम नहीं है."

या भागात दुभतं जनावर दोन वक्ताचं दूध बघून घेतात. संध्याकाळची धार, सकाळची धार, मग सौदा. रणवीरला एकच पुरे होतं. तुकोजीराव चरवी घेऊन बसले. लुगडं खुंटीवर होतं. परक्या पुरुषासमोर बायकोचं लुगडं डोक्यावर घ्यायचं त्यांच्याने होईना. ते दगडासारखे मुकाट बसले. मांडवीने एकदा पाय झाडला, दोनदा झाडला, आणि चरवीचं बूड झाकेल एवढंच दूध दिलं.

"बस?" रणवीर हसला. "दा, ये तो चाय की भैंस निकली! पस्तीस हजार दूंगा. दूध का नहीं, वजन का भाव है."

वजनाचा भाव म्हणजे काय ते तुकोजीरावांना कळत होतं. "विचार करतो," ते म्हणाले.

"करो, करो. पर रोज का चारा भी सोच में जोड लेना, भिया."

दुसरा रस्ता धीरजने सुचवला. त्याच्या कारखान्यातला अंशुल लोहारद्याचा. तो सांगत होता की तिकडच्या बाजारात चांगल्या म्हशीला नव्वदपर्यंत मिळतात. "गाडी करून देतो बाबा. अंशुलचे काका उभे राहतील." तुकोजीरावांनी हिशेब केला. गाडीचं भाडं, दलाली, पारडीला घेऊन एवढा लांबचा प्रवास, दिवसभर उन्हात उभं राहणं. आणि त्या अनोळखी गर्दीत मांडवी कपभर दूध देणार. मग तिथेही वजनाचाच भाव. म्हैस परत आणायला दुसरं भाडं. ते नको म्हणाले. का नको, ते धीरजला सांगता येईना.

तिसरा रस्ता ओढ्यापलीकडचा भेरूलाल पाटीदार. स्वभावाने बरा, घरात दूध खाणारी तोंडं, बायको गेंदाबाई जनावराला जीव लावणारी म्हणून दोन्ही गावांत माहीत. म्हैस त्यांच्याकडे गेली तर दाव्यावर म्हातारी होईल, एवढी खात्री. पण गेंदाबाई दूध बघितल्याशिवाय घेणार नव्हती, आणि लुगड्याशिवाय दूध नव्हतं.

ती दोघं संध्याकाळी आली. तुकोजीरावांनी दोघांना पाणी दिलं आणि खाली मान घालून म्हणाले, "भेरूलाल, एक बात है. देखकर हसना मत."

मग खुंटीवरचं लुगडं काढून डोक्यावरून घेतलं आणि बसले. पदर पुढे ओढून, आतल्या आत, कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटले, "आज पाहुणे आलेत बाई. माझी लाज राख." मांडवीने मोठा श्वास सोडला. चरवी भरली, वर फेस आला, दुसरं भांडं आणावं लागलं.

भेरूलाल मिशीत हसायला लागला होता. "दा, सच्ची केऊं, असी बात म्हने आज तक नी देखी. मूंछवाली बेराणी!" मिशीवाली बाई.

"हँसो मत," गेंदाबाई त्याच्यावर डाफरली. "म्हारी सासू पीहर जाती तो गाय दूध नी देती थी. तमारी मां की बात है, भूल गया कंई?" मग ती तुकोजीरावांकडे वळली. "दा, सत्तर देवांगा. पर यो लुगडो भी साथ में देणो पडेगा."

"अरे चुप," भेरूलाल ओशाळून म्हणाला. "भौजी की निसानी है."

"चुप कंई को? बिना लुगडा के दूध नी दियो तो हूं कंई देखूंगी, उका सींग?"

तिचं खरं होतं. तुकोजीराव लुगड्याची घडी करत राहिले. घडी झाली, ती मोडून पुन्हा केली.

"अभी एक ही वक्त हुआ है," ते म्हणाले. "सुबह का दूध देख लो. फिर बोलता हूँ."

ती दोघं गेल्यावर ते गोठ्यातच बसून राहिले. लुगडं ठेवून घेतलं तर मांडवी रणवीरकडे जाणार. लुगडं दिलं तर घरात सुभद्राचं काय राहणार? भांडी तिची होती, पण भांड्यांना वास नसतो. फोटो होता, तो धीरजने मोठा करून आणलेला, त्यात ती रागावल्यासारखी दिसायची. मांडवी रवंथ करत होती. तुकोजीरावांनी तिला विचारलं, "तूच सांग, काय करू?" म्हशी असल्या गोष्टी सांगत नाहीत. पण बोलता बोलता त्यांना आठवलं की सुभद्राने तापातही विचारलं होतं, "मांडवी पिळली का?" लुगड्याचं तिने काही विचारलं नव्हतं.

सकाळचं दूध संध्याकाळपेक्षा वाटीभर जास्तच निघालं. भेरूलालने नोटा पुढे केल्या, वर शंभराच्या काही वेगळ्या. "ये लुगडे के."

"लुगड्याचे पैसे नाहीत," तुकोजीराव मराठीतच म्हणाले. "म्हशीचे द्या."

त्यांनी मांडवीला भाकरीवर गूळ ठेवून खाऊ घातला, खुराला पाणी लावलं, आणि तिच्या गळ्यातलं दावं काढून घेतलं. जनावराबरोबर दावं देत नाहीत, घराची बरकत जाते. भेरूलालने आणलेलं नवं दावं बांधलं. मांडवी पारडीच्या मागे ओढ्याकडे चालू लागली. गेंदाबाईच्या काखेत लुगड्याची घडी होती.

संध्याकाळी भेरूलालची मोटारसायकल दारात येऊन उभी राहिली. "दा, चलो. भैंस ने गेंदा को पटक दियो."

तुकोजीराव तसेच मागे बसले. गोठ्यात गेंदाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती, चरवी एका कोपऱ्यात कलंडलेली. तिने लुगडं व्यवस्थित नेसल्यासारखं अंगावर घेतलं होतं. हिरवा रंग उजळला होता, चौकड्या स्पष्ट दिसत होत्या. तुकोजीराव जवळ गेले आणि साबणाचा वास आला.

"धोया?" त्यांनी विचारलं.

"धोयो नी तो?" गेंदाबाई म्हणाली. "गई हुई सुहागण को कपडो बिना धोए कसे पेरूं दा? पाप लागे. तीन पाणी से धोयो, धूप बताई, अगरबत्ती करी, फिर पेर्यो." तिला वाटलं, आपण मान राखला ते दादांनी ऐकावं.

तुकोजीरावांनी पदराचं टोक हातात धरलं. मऊ झालं होतं. नाकापाशी न्यायची गरज नव्हती. त्यांनी ते सोडून दिलं. तिला काय बोलणार? आपल्या घरातल्या बायकांनीही हेच केलं असतं.

"अब दा, बात यूं है," भेरूलाल चाचरत म्हणाला, "दूध नी दियो तो सौदो वापस, यो तो रिवाज है. तमको भी मालूम."

वापस म्हणजे पुन्हा रणवीर. तुकोजीराव मांडवीकडे गेले. तिचे डोळे पांढरे झाले होते, कास ताणून तुकतुकीत दिसत होती, पारडी लांबून ओरडत होती. त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला. डोक्यावर लुगडं नव्हतं, पाठीशी दोन परकी माणसं उभी होती. पण जनावर घाबरलं होतं, आणि त्याच्याशी बोलायची आता त्यांना सवय होती.

"असं करू नये बाई," ते म्हणाले. आवाज मोठा निघाला, त्यांनाच नवा वाटला. "लोक चांगले आहेत. मी आज गोठा झाडला. सवयीने झाडला, शेण नव्हतंच. दुपारी दाराशी खडखड झाली, वाटलं तूच. कुत्रं होतं. भाकरी दोन केल्या, एकच गेली. ताक नव्हतं ना. आता ताक कुठून येणार?"

"दा," गेंदाबाई हलकेच म्हणाली. "देखो."

सडातून दूध आपोआप ठिबकत होतं. गेंदाबाईने चरवी उचलली आणि खाली बसली. तुकोजीराव मानेपाशी उभे राहून बोलत राहिले, ती पिळत राहिली.

"यो तो दा का बोल पे दूध दे!" भेरूलाल म्हणाला. "फिर तो दा को भी खूंटा से बांधणो पडेगा!"

चरवी भरल्यावर गेंदाबाईने लुगडं काढलं, घडी घातली आणि तुकोजीरावांच्या हातात दिलं. "यो तमारो. म्हारा काम को नी." त्यांनी ते घेतलं. आता ते कुठल्याही दुकानातल्या लुगड्यासारखं होतं.

ठरलं असं की म्हैस गेंदाबाईला लागेपर्यंत तुकोजीरावांनी दोन्ही वेळा यायचं. धीरजला त्यांनी फोनवर सांगितलं, "म्हैस रुळू दे, मग येतो." पहाटे ते ओढा ओलांडून जायचे, दिवेलागणीला पुन्हा जायचे. ते मानेपाशी, गेंदाबाई कासेपाशी. पहिले काही दिवस ती नुसती ऐकायची. मग मधूनच म्हणायला लागली, "पछे?" मग काय झालं? तिला मराठी अर्धं कळायचं, अर्धं ती अंदाजाने घ्यायची. उर्वशी कामावर जाणार, अनन्या शाळेत जाताना रडते, सावित्रीकाकूंनी चुकून दोनदा मीठ घातलं, सगळं तिला माहीत झालं. "तमारी बऊ समझदार है दा," ती म्हशीच्या पोटाआडून म्हणायची. "पर पोरी को दूध कम पिलावे." तुकोजीराव म्हणायचे, "मीही तेच म्हणतो."

दिवसभर शेतात, घरात काही घडलं की ते मनात धरून ठेवायचे. संध्याकाळी सांगायला होईल म्हणून.

मग गेंदाबाई स्वतःच बोलायला लागली. धार काढता काढता सासूच्या गुडघ्यांचं, भेरूलालच्या उधळेपणाचं, मुगाच्या पेरणीचं. मांडवी कान तिच्याकडे करायची. तुकोजीराव एकदा एक पाऊल मागे सरले, पुढच्या वेळी दारापर्यंत. हे असंच व्हायला हवं होतं, आणि तेच ते घडवत होते.

त्या सकाळी त्यांच्याकडे सांगायला मोठी गोष्ट होती. आदल्या दुपारी माळ्यावर काडेपेटीचा पुडा शोधताना फडक्यात बांधलेली एक बरणी सापडली. कैरीचं लोणचं. सुभद्राने मागच्या उन्हाळ्यात घातलेलं आणि मुरायला ठेवलेलं. उघडलं तर तेल वर आलेलं, फोडी जशाच्या तशा. त्यांनी भाकरीबरोबर एक फोड खाल्ली, मग बराच वेळ पाणी प्यायले नाहीत. बांधावरून चालताना ते शब्द जुळवत होते. "बाई, काल माळ्यावर काय सापडलं सांगू?" अशी सुरुवात करायची.

भेरूलालच्या अंगणात पोचले तर गोठ्यातून चरवीत धार वाजत होती. गेंदाबाईचा आवाज येत होता. "सुण म्हारी बाई, आज घर में पावणा आवेगा, गिलकी की साग करूंगी..." धार तुटत नव्हती.

तुकोजीराव पुढे झाले. दाराशी उभ्या भेरूलालने लगबगीने ओठांवर बोट ठेवलं. ते जागच्या जागी थांबले. आपला आवाज कानी पडला तर म्हैस मान वळवेल, पान्हा तुटेल. ते त्यांना भेरूलालपेक्षा चांगलं कळत होतं. ते भिंतीला लागून उभे राहिले.

गेंदाबाई चरवी घेऊन बाहेर आली ती हसतच. "दा! आज अकेली से दियो! पूरो!" तिने चरवी त्यांच्यापुढे केली. फेस काठावर होता.

"अच्छा हुआ," तुकोजीराव हळू आवाजात म्हणाले.

तिने त्याच दुधाचा चहा केला. चहा चांगला झाला होता. भेरूलाल आपल्या पाहुण्याबद्दल काही सांगत होता. बशी खाली ठेवताना गेंदाबाईने विचारलं, "केवो दा, आज कंई खबर लाया?"

गोठ्याचं दार उघडंच होतं. आतून रवंथाचा आवाज येत होता.

"काही नाही," ते म्हणाले. "सब ठीक."

ते उठले. दिवेलागणीला या असं कुणी म्हणालं नाही, म्हणायचं कारणही राहिलं नव्हतं. बांधाची वाट धरली तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं. पलीकडून गावातला कुणी गुराखी जाता जाता "राम राम दा" म्हणाला. तुकोजीरावांनी नुसता हात वर केला आणि तोंड मिटूनच पुढे चालत राहिले. मांडवीचे कान तिखट होते, आणि गोठा अजून फार मागे पडला नव्हता.